सहाव्या लेनवरचा मामा

३ मे

ताई,

माझं आयुष्य बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. रविवारी सकाळी तुझी बस सुटली, त्यानंतर तासाभरात. तलावाच्या ओल्या फरशीवर मी तुझ्या पोरांचे टॉवेल, चपला आणि दोन अर्धवट खाल्लेली केळी सांभाळत उभा होतो, आणि काही न विचारता कुणीतरी माझ्या गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं. लोकांच्या गळ्यात हार पडतात, माझ्या गळ्यात घड्याळ पडलं. "बेडकीचे मामा ना तुम्ही? आजपासून चौथी लेन तुमची." संपलं. त्या घटकेपासून मी पूर्वीचा राहिलो नाही.

उन्हाळी संघात प्रत्येक घरामागे एक मोठं माणूस वेळ मोजायला द्यावं लागतं, हे सांगायला तू सोयीस्कर विसरलीस. दर शनिवारी आपसात शर्यती असतात. पोराचा हात भिंतीला लागला की बटण दाबायचं, एवढंच काम. एका लेनला एकच माणूस, कारण बाकीचे आईबाप ऑफिसला पळालेले असतात. फक्त आपल्या घरचं पोर ज्या लेनमध्ये आहे तिथं उभं राहायचं नाही. घरची माणसं बटण आधीच दाबतात म्हणे!

बाकी पहाटेपासून वरात. बेडकी स्वतःची उठते. ढेकळाला मात्र उचलून पोहण्याच्या चड्डीत कोंबावं लागतं. सात वर्षांचा घोडा, पाण्यात उतरला की कडेची दांडी सोडत नाही. सराव संपला की पोरं वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे सोडायची आणि मी ऑफिसकडे धूम. हेडक्लार्क अंगठ्याच्या यंत्राशेजारीच खुर्ची टाकून बसतात. यंत्रावर त्यांचा विश्वास नाही, आणि माझ्यावर तर नाहीच.

तुझी अट डोक्यात पक्की आहे. उन्हाळाभर मी घर, ऑफिस आणि तलाव निभावला, तर उन्हाळ्यापुरती तिकडच्या ऑफिसात गेलेली तू तिथली बढती घेणार आणि पोरं इथंच राहणार, माझ्याजवळ, याच शाळेत, याच संघात. नाही तर त्यांची रवानगी आत्याकडे. तिथं पोहायला फक्त बादली आहे.

मी निभावीन. कॉलेज सोडलं म्हणून माणूस सगळंच सोडतो असं नाही.

तुझा भाऊ

ता. क. पोहायला शिकवणाऱ्या मॅडम फार म्हणजे फारच चांगल्या आहेत.

*

१० मे

चि. तोफखान्यास आशीर्वाद,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा केळ्यांचा हिशोब लागेना म्हणून. टॉवेलच्या पिशवीत केळी ठेवू नकोस.

फोनवर बोलायचं नाही, लिहायचं, हा आपला नियम बरा चाललाय. लिहिताना तुला मधेच रिसीव्हर आपटता येत नाही. पोरांशी मी रविवारी बोलतेच.

आता नीट ऐक. ती नोकरी तुला माझ्या शब्दावर मिळाली आहे. तुझे भावोजी गेल्यानंतर त्या ऑफिसनं मला दोन वर्षं सांभाळून घेतलं. हेडक्लार्क कुरकुरे आहेत, दुष्ट नाहीत. त्यांना उलट बोललास तर ते तुला नाही, मला लागेल. आवक-जावकच्या टेबलावर बसणं म्हणजे कमीपणा नव्हे. मी तिथूनच सुरुवात केली.

मॅडमना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं का? मी होते तेव्हा काठी घेऊन यायच्या. वयस्कर माणूस आहे, त्यांच्यासमोर आवाज चढवू नकोस, आणि जमलं तर त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन देत जा.

माझं इथं छान आहे. खोलीला खिडकी आहे, जेवण बरं आहे. ढेकळाच्या कानात पाणी जातं, सरावानंतर डोकं एका बाजूला कलवून उडी मारायला लाव. बेडकीला जास्त शाबासकी देऊ नकोस. ती शाबासकीसाठी काहीही करते, मग आजारी पडते.

तुझ्याच्यानं होईल. मला वाटतंय की होईल.

ताई

*

२१ मे

ताई,

पिशवी नेऊन देतो. रोज. तुझी आज्ञा म्हणून.

आता ऑफिसमधून काही कानावर आलं असेल, तर खरं काय ते माझ्याकडून ऐक. गेल्या मंगळवारी वरच्या काकू अचानक त्यांच्या बहिणीकडे गेल्या. दार बंद, माझ्या दोन्ही हातांत ओली पोरं, आणि ऑफिसला पंधरा मिनिटं. काय करणार? घेऊन गेलो. ढेकूळ माझ्या टेबलाखाली, बेडकी टपालाच्या पोत्यावर. पोरं गुणी बसली गं. बेडकीनं तर चिमट्यानं शिक्क्याची तारीख फिरवून दिली, माझ्यापेक्षा सफाईनं. चुकलं ते एवढंच, की ओले कपडे मी फायलींच्या रॅकवर वाळत घातले. खाली आवकचा गठ्ठा होता. दुपारपर्यंत जांभळ्या शिक्क्यांचं पाणी होऊन कुणाचा अर्ज कुणाच्या दाव्याला जाऊन मिळाला.

हेडक्लार्क आले. "हे कार्यालय आहे की धोबीघाट?"

मी काही बोललो नाही. शपथ! ढेकूळच टेबलाखालून म्हणाला, "काका, ती माझी चड्डी आहे."

अख्खं ऑफिस हसलं. हेडक्लार्कही हसले असते, पण ते अंगठ्याच्या यंत्राशेजारी होते, तिथं ते हसत नाहीत. मेमो मिळाला. आणखी एक मिळाला की घरी, असं त्यात सभ्य भाषेत आहे.

ते सोड, खरी बातमी ही. जूनच्या शेवटी मोठी स्पर्धा आहे, दुसऱ्या तलावांची पोरंही येणार. रिलेसाठी चार मुली निवडायच्यात, आणि मॅडम म्हणाल्या की बेडकीसारखा पाय मारणारी पोरगी त्यांनी बघितलेली नाही. ८ जूनच्या शनिवारी निवड आहे, त्या दिवशीची वेळ काय ती धरणार. बेडकीनं भिंतीवर कॅलेंडर लावलंय आणि रात्री पलंगावर पालथी पडून पाय मारत असते. पलंग भिंतीवर आपटतो, शेजारचे ठोकतात, ती थांबते, परत सुरू. काल मला विचारते, "मामा, मी निवडले गेले तर आत्याकडे जायचं नाही ना?" मी म्हटलं, "नाही." दुसरं काय म्हणणार?

पहाटे तलावावर वाफ असते. त्या वाफेत कुणाचा तरी आवाज ऐकू येतो, शिट्टी वाजते, आणि दिवसभर शिक्के मारताना ती कानात राहते. तुला कळणार नाही. तू हिशोबाची माणूस.

तुझा भाऊ

*

२९ मे

चि. तोफखान्यास,

मला कळणार नाही होय? रविवारी फोनवर तुझी भाची म्हणाली, "आई, मामा रोज दाढी करतो. पोहायला जाताना." मी विचारलं, मॅडमचे गुडघे कसे आहेत? ती म्हणाली, "कुठल्या मॅडम? त्या म्हाताऱ्या? त्या तर मागच्याच वर्षी सोडून गेल्या. या नव्या मॅडम पाण्यात उलटी उडी मारतात."

आणि मी इथं काठी घेऊन चालणाऱ्या बाईंच्या पिशवीची काळजी करतेय!

अरे, प्रेम कर. बावीस वर्षांचा आहेस, आता नाही तर कधी करशील? पण तुझं मला माहीत आहे. तुझं प्रेम म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. कॉलेजात त्या मुलीसाठी प्रिन्सिपॉलच्या केबिनची काच फोडलीस. ती मुलगी परीक्षा देऊन पास झाली, आणि तू घरी बसलास. तिला तुझं नाव तरी माहीत होतं का रे? या बाईंना माहीत आहे का?

रागावू नकोस. रागावलास तरी मेमोचा विचार करून रागाव. आवकचा गठ्ठा भिजल्याचं मला इथल्या साहेबांनी हसत हसत सांगितलं. मीही हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन बसले थोडा वेळ.

८ तारखेला शनिवार आहे, ऑफिस अर्धा दिवस असतं. रजा आधी माग. हेडक्लार्कना आदल्या दिवशी सांगितलेलं चालत नाही, त्यांना आठवडाभर आधी विनवावं लागतं. विनव. मान खाली घातल्यानं कुणी बुटका होत नाही.

पोरांचं सगळं तुझ्या हातात आहे. भीती घालत नाहीये. आहे ते सांगतेय.

ताई

*

४ जून

ताई,

काचेचं काढायचं काही कारण नव्हतं. ती काच आधीच तडकलेली होती.

नाव माहीत नसेल. तलावावर मला सगळे 'मामा'च म्हणतात. पोरं म्हणतात, पोरांच्या आया म्हणतात, पहारेकरी म्हणतो. तीही म्हणते. म्हणू दे. हाक मारताना ती थोडी थांबते, आणि ते थांबणं बाकी कुणासाठी नसतं. मी नीट बघितलंय. काल पिशवी देताना म्हणाली, "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं हो मामा?" असं कुणी उगाच म्हणतं का? सांग.

आणि हो, विनवलं. मान खाली घातली, तीही अशी की छातीला हनुवटी टेकली. हेडक्लार्क म्हणाले, "शनिवारी तपासणीचे साहेब येतायत. एकाचीही रजा नाही." मी म्हटलं, भाचीची निवड आहे. ते म्हणाले, "भाचीच ना? मुलगी तर नाही." तरी मी गप्प. मग ते म्हणाले, "पोहून काय नोकरी लागणार आहे तिला?" तेव्हा मी म्हटलं, "साहेब, घरचं कुणी बुडालं तर रजा देता, तरलं तर देत नाही, हा कुठला न्याय?"

एवढंच बोललो. शिवी नाही, काही नाही.

तू शनिवारची काळजी करू नकोस. मी वाट काढलीय. सकाळी अंगठा लावायचा, जिन्यानं खाली, मागच्या दारानं बाहेर. तपासणीच्या गडबडीत आवक-जावककडे कोण बघतंय? तासाभरात परत. बेडकीची वेळ लागली की तिथूनच तुला तार ठोकतो, मग तू आत्याला कळव की त्यांची बादली त्यांनाच लखलाभ.

तुझा भाऊ

*

११ जून

ताई,

बेडकीची निवड झाली नाही. स्टॉपवॉच ऐन वेळी अडकलं. जुनाट वस्तू, बटण रुतलं. वेळ नोंदलीच गेली नाही. नियम असा की वेळ नाही तर जागा नाही. कुणाचा दोष नाही.

मॅडमबद्दल तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. परत विचारू नकोस.

ऑफिसचं नंतर लिहितो. पोरं ठीक आहेत.

*

१५ जून

प्रिय आई,

मी फोनवर सांगितलं नाही कारण मामा शेजारी बसतो. पाकीट वरच्या काकूंनी दिलं. शुद्धलेखन त्यांनी तपासलेलं नाही कारण मी त्यांना दाखवलं नाही.

घड्याळ बिघडलं नव्हतं. मामाची लेन चौथी होती, पण त्यानं सहावी मागून घेतली. सहाव्या लेनजवळ मॅडमचं स्टूल असतं. मी सहाव्या लेनमध्ये होते हे त्यानं यादीत बघितलंच नाही. मी उडी मारायच्या आधी त्याला हात केला. मला बरं वाटलं की मामा माझ्या लेनवर आहे. मग मी खूप जोरात पोहले. आई, मी सगळ्यांच्या आधी आले. मला कळलं कारण दोन्ही बाजूला पाणी हलत नव्हतं. मी भिंतीला हात लावला आणि वर बघितलं तर मामा दुसरीकडे बघत होता. मॅडम एका काकांचा चष्मा टी-शर्टाच्या टोकानं पुसत होत्या. ढेकूळ म्हणतो ते मॅडमचे होणारे नवरे आहेत, त्यानं त्यांनाच विचारलं. मी मामा मामा म्हटलं. मग त्यानं बटण दाबलं. तोपर्यंत सगळ्या मुली आल्या होत्या. मग त्यानं घड्याळ फरशीवर आपटलं आणि निघून गेला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या ओल्याच होत्या, त्यामुळे नक्की माहीत नाही.

मॅडम म्हणाल्या, सोमवारी सकाळी ये, तुझी एकटीची परत घेऊ. मी मामाला सांगितलं. सोमवारी मी बॅग भरून दारात बसले. मामा जागा होता, पण तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी दोनदा हाक मारली. तो म्हणाला, त्या तलावाचं नाव काढू नकोस. ढेकूळ म्हणाला, आपण दोघं जाऊ. पण रस्ता मोठा आहे आणि तू सांगितलंस की एकट्यानं ओलांडायचा नाही. मग उजाडलं. मग ऊन आलं. मग मी बॅग काढून ठेवली.

मामाला रागावू नकोस. तो हल्ली ऑफिसला जात नाही. त्यानं आम्हाला दूध गरम करून दिलं आणि स्वतः प्यायला नाही.

मला आता पोहायचं नाहीये. आत्याकडे तलाव नाही ते बरंच आहे.

तुझी,
बेडकी (हे नाव आता नको)

*

२० जून

चि.,

बेडकीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस. हेडक्लार्कचंही पत्र आलं. तपासणीच्या साहेबांनी नेमका आवकचा गठ्ठा मागितला, आणि तुझी खुर्ची रिकामी होती. अंगठा आहे, माणूस नाही. सोमवारपासून अंगठाही नाही. त्यांनी मला लिहिलं, "तुमच्याकडे बघून एक मेमो फाडला होता." ते मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. बढतीला मी मे महिन्यातच होकार देऊन बसले. तुझं दुसरं पत्र आलं, ते धोबीघाटाचं, त्याच दिवशी. ते वाचून मला वाटलं, हा पडतोय, धडपडतोय, पण पोरांना घेऊन उभा आहे. इथल्या साहेबांना जाऊन सही दिली. आता माघारी येता येत नाही. तिथली माझी जागा भरली, आणि इथं एका खोलीत आम्ही तिघी बायका राहतो. खोलीला खिडकी आहे असं लिहिलं होतं. ती जिन्यात उघडते. पोरांना इथं आणता येत नाही.

आत्या २७ तारखेला पोरांना न्यायला येतील. दोघांचे दाखले शाळेतून काढून ठेव. महिनाअखेर घर सोडायचं आहे, मालकांना मी कळवलंय. माझं सामान वरच्या काकूंच्या माळ्यावर जाईल.

तुला काय लिहू? मी तुझ्यावर ओझं टाकलं ते मला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. तू ते घेतलंस ते कशासाठी, ते आता कळलं. तरी त्या सोमवारचं मला समजत नाही. शनिवारचं समजतं. कुणाचीही नजर हलते. सोमवारी ती दारात बसली होती रे!

ताई

*

२८ जून

ताई,

सोमवारचं मलाही समजत नाही. तिच्या दोन्ही हाका मी ऐकल्या. दुसऱ्या हाकेला उठणारच होतो. मग वाटलं, तिथं गेलो तर ते दोघं दिसतील, चष्मा आणि टी-शर्ट, आणि माझं काहीतरी होईल. त्यात ऊन आलं. याच्यापुढं लिहिण्यासारखं काही नाही. असतं तर लिहिलं असतं.

काल आत्या आल्या. त्यांनी पोरांचे कपडे माझ्याकडून घेतले आणि परत नव्यानं घड्या घातल्या. ढेकळाला खिडकीची जागा हवी होती, मिळाली. बेडकीनं त्याचा हात धरून ठेवला होता, तू धरतेस तसा, मनगटाच्या वर. मी म्हटलं, "येतो मी भेटायला." ती म्हणाली, "आत्याला विचारून ये." रागानं नाही. मोठी माणसं सांगतात तसं. बस गेली.

तिथून तलावावर गेलो. भांडायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू? चांगलं भांडण मनात जुळवून नेलं होतं. तिनं लांबून हात केला. "अहो मामा, बरं झालं आलात! शनिवारी मोठी स्पर्धा, आणि चौथ्या लेनला कुणीच नाही. याल ना?" घड्याळ आपटलेलं तिनं मनावर घेतलेलंच नव्हतं. मी विचारलं, "रिलेचं काय झालं?" ती म्हणाली, "चौघी ठरल्या. तुमची भाची गुणी होती हो." होती. मला वाटलं, आता ओरडावं. आता सांगावं की मी रोज पहाटे कशासाठी येत होतो. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं, ताई. मी जे काही बघितलं होतं ते सगळं मीच बघितलं होतं. ती उभी होती एक माणूस हवा म्हणून, चौथ्या लेनवर, शनिवारी. मी म्हटलं, "बघतो." आणि आलो.

ऑफिसात पण जाऊन आलो. माफी मागायला. तू सांगितलं नव्हतंस, माझा मीच गेलो. माझ्या टेबलावर एक मुलगी बसते आता, फार नीट शिक्के मारते. हेडक्लार्क अंगठ्याच्या यंत्राशेजारी होते. मी म्हटलं, "साहेब, ताईला बोल लावू नका." ते म्हणाले, "तिला कोण बोल लावतंय? बसा, पाणी प्या." पाणी प्यालो. यावर कुणाशी भांडणार?

घराचं म्हणशील तर फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलंय, वास धरायला नको म्हणून. गॅस बंद केला. तुझी भांडी, पोरांचे पलंग, सगळं वर काकूंकडे गेलं. बेडकीच्या पलंगामागे भिंतीला जिथं आपटायचं तिथला रंग गेलाय. मालक पैसे कापतील, मी घासायला गेलो तर आणखी पोपडे निघाले. दाखले काढले, ते आत्यांकडे दिले. त्यावर कारण लिहायचं असतं. मी 'बदली' लिहिलं.

मी कुठं जातोय विचारू नकोस. लपवत नाहीये, मलाच माहीत नाही. कॉलेजात परत घेतील का हे विचारायला एकदा गेटापर्यंत गेलो होतो, मागच्या आठवड्यात. सगळी पोरं मला लहान वाटली. परत आलो.

तुला पैसे पाठवीन, भरपाई करीन, असलं काही लिहिणार नाही. मी लिहितो ते तू खरं धरतेस, आणि सही देऊन बसतेस.

पाकिटावर तिकीट लावून ठेवलंय, हे कोपऱ्यावरच्या पेटीत टाकीन. पुढचा पत्ता नाही, त्यामुळे उत्तर लिहायचे तुझे कष्ट वाचले. किल्ली आत ओट्यावर आहे. दुसरी मालकांकडे. लॅचचं दार आहे, एकदा ओढलं की बाहेरून मला उघडता येणार नाही, माहीत आहे. मघाशी दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन आलो. काही राहिलं का ते बघायला. काही राहिलेलं नाही.

शेवटच्या दोन ओळी उभ्यानंच लिहितोय, बॅग खांद्यावर आहे. जिन्यात कुणी नाही. आता दार ओढतो.